तीस कासवं

यागोदा विदामावशीकडे काम मागायला गेली ती ताठ मानेनं. छत्तीस वर्षांची बाई. अकरा वर्षं कपड्यांच्या फॅक्टरीत तिनं शर्टांच्या बाह्यांना कफ लावले होते. फॅक्टरीला टाळं लागलं म्हणून आपल्या हातांना टाळं लागलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि समोरच्यालाही ते लगेच कळावं अशी तिची चाल होती.

विदामावशीचं विणकाम नदीकाठच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत, वरच्या मजल्यावर चालायचं. छताला भिडलेला एक मोठा उभा माग, त्याच्यापुढे बुटकं बाकडं, कोपऱ्यात लाकडाची शेगडी आणि भिंतीभर लोकरीच्या लडी. मावशी बहात्तर वर्षांची होती. पिरोत गावातल्या निम्म्या घरांत तिच्या हातचा किलीम, म्हणजे लोकरीचा गालिचा, अंथरलेला होता आणि उरलेल्या निम्म्यांना तो हवा होता. तिनं यागोदाचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि सोडून दिले.

"पाढे येतात?"

"येतात की."

"तेराचा म्हण."

यागोदा हसली. "मावशी, फॅक्टरीत आमचे गठ्ठे बाराबाराचे असायचे. बाराचा मला झोपेतून उठवून विचार. तेराचा म्हणजे काय, बाराच्यात थोडं थोडं मिळवत जायचं."

"मग मिळव."

"तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस..." यागोदानं सुरुवात झोकात केली. तेर दाहे तीसासेपर्यंत गाडी सुरळीत आली. पुढे तिचा आवाज बारीक झाला. तेरा चौदाला ती खिडकीबाहेर बघायला लागली आणि एप्रनच्या आड बोटं मोडायला लागली.

"ही मोजतेय," मावशी बाकड्याकडे वळून म्हणाली. "हिला येत नाही."

बाकड्यावर नेवेंका बसली होती. बावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची. एकोणतीस वर्षं ती याच मागावर विणत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "फॅक्टरीत मशीनच मोजायचं वाटतं?"

"मशीनला मी मोजायला शिकवायचे," यागोदा म्हणाली.

नेवेंकाच्या खांद्यांना किंचित हिसका बसला. हसली असावी.

मावशीनं मग नीट समजावलं. तिचा गाजलेला नमुना कासवांचा. एक कासव विणायला ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, तेरा जोड्या लागतात, त्याहून एक कमी नाही आणि एक जास्त नाही. कासवाला कासव खेटून, पायाला पाय लावून ओळ चालते. कोणतं कासव कुठल्या जोडीवर संपतं हे विणणारीला तोंडपाठ हवं, कारण तिला कधी विसावं कासव आधी उचलावं लागतं, कधी अठरावं. दर वेळी पहिल्या धाग्यापासून मोजत बसली तर किलीम व्हायच्या आत ती म्हातारी होईल.

"खडूनं खुणा केल्या तर?" यागोदानं विचारलं.

आडवे धागे ठोकणारी नेवेंकाची फणी थांबली. विदामावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझ्या मागावर दोनच खुणा असतात," ती म्हणाली. "डावीकडे एक लाल दोरा, उजवीकडे एक लाल दोरा. तिथून नक्षी सुरू, तिथं नक्षी संपली. बाहेर काठाचा साधा पट्टा. मधलं सगळं इथं." आणि तिनं यागोदाच्या कपाळावर एक बोट टेकवलं.

काम मात्र मिळालं.

सुरुवातीला मावशीनं तिला भिंतीजवळचा छोटा माग दिला. भिंतीवर टांगायचा लहानसा किलीम, रुंदीला नऊ कासवं, म्हणजे एकशे सतरा जोड्या. यागोदाचे हात खरंच चांगले होते. आठ दिवसांत फणी तिच्या मनगटाला अशी बसली की नेवेंकासुद्धा दोनदा वळून बघून गेली. पाठांतराचं मात्र यागोदानं मनावर घेतलं नव्हतं. नऊच तर कासवं. मोजता येतात की. ती मोजायची. मोजता मोजता एकदा नेवेंकानं विचारलं, "दुधाला गेली होतीस का सकाळी?" यागोदा म्हणाली, "दुधाला गेले होते," आणि पुन्हा मोजायला लागली.

आठवं कासव एकशे चारवर संपायला हवं होतं. ते संपलं एकशे पाचवर. नवव्याला बाराच जोड्या उरल्या आणि त्याचा एक पाय लाल दोऱ्याबाहेर लोंबायला लागला. विदामावशी आली आणि खाली बसून तिनं आडवे धागे ओढून काढायला सुरुवात केली. सगळे. पहिल्या कासवापर्यंत.

"मावशी, चुकलं आठवं. सात तर बरोबर होती!"

"बरोबर होती, पण तुला माहीत नव्हतं ती बरोबर आहेत."

यागोदाला फार राग आला. जिना उतरताना तिनं गिरणीच्या दाराला लाथ मारली. नदीवरच्या पुलापर्यंत ती रागातच चालली. पण पूल आला तसं तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग मावशीचा आलेलाच नाही. दुधाला गेले होते, या तीन शब्दांनी आपले आठ दिवस उसवले. कफ लावताना तिच्याशी कुणी दिवसभर गप्पा मारल्या असत्या तरी टाका हलला नसता, कारण तो तिच्या हातात होता. तेराचा पाढा हातात नव्हता, एवढंच. मग आणायचा.

पुलाच्या लोखंडी कठड्याला हात लावून ती चालायला लागली. दर तेराव्या पावलाला कठड्यावर एक टिचकी. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस. समोरून येणाऱ्या पोस्टमननं टोपी उचलून विचारलं, "हरवलंय का काही?" तिनं मान हलवली, पण उत्तर द्यायला थांबली नाही, बावन्न तोंडात होते.

घरी अंगणात तिचे सासरे तिहोमिर मिरच्या भाजत बसले होते. सप्टेंबर संपत आला होता आणि गल्लीतल्या प्रत्येक अंगणातून भाजक्या लाल मिरच्यांचा धूर निघत होता. वर्षभराचं ऐवार घालायचं म्हणजे त्या मोठाल्या गोड मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि मोठ्या पातेल्यात तासन् तास ढवळायच्या. तिहोमिर रेल्वेत सिग्नलवाले होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. यागोदानं स्टूल ओढलं, सोलायला बसली आणि झाला प्रकार सांगितला.

"एकशे चारच्या जागी एकशे पाच?" सासरे म्हणाले. "माझ्या केबिनमध्ये असतीस तर दोन गाड्या एका रुळावर आणल्या असत्यास."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. मी सोलते, तुम्ही विचारा. क्रमानं नाही, कुठूनही विचारा."

"तेर चोक?"

"बावन्न. पत्त्यांचा जोड."

"तेर सक?"

"अठ्ठ्याहत्तर. तुमचं वय."

"पुढच्या वर्षी काय करशील?"

"तुम्हाला अठ्ठ्याहत्तरवरच ठेवीन. तेर साते एक्क्याण्णव, तुमच्या केबिनचा नंबर. हे सगळं माझं जमलंय, बाबा. दहाच्या पुढचं विचारा."

"तेरा तेरा?"

यागोदा थबकली. मग तिचा चेहरा उजळला. "एकशे एकोणसत्तर. तुमच्या मुलाची उंची!"

"तो तर एकशे बाहत्तर सांगतो."

"सांगतो तो. पासपोर्टवर एकशे एकोणसत्तर आहे."

"बूट घालून मोजा!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा नवरा स्रेतेन ओरडला. दोघंही इतकी हसली की चार मिरच्या जळाल्या.

असं पंधरा दिवस चाललं. मिरच्या संपल्या, मग अक्रोड फोडायला आले, मग थंडीची लाकडं रचायची होती. सासरे ओंडका पुढे करायचे आणि विचारायचे, यागोदा ओंडका घ्यायची आणि सांगायची. तेरा सतरा? दोनशे एकवीस. तेरा चोवीस? तीनशे बारा. उत्तर चुकलं तर तिहोमिर ओंडका हातातच धरून ठेवायचे, आणि ओंडका जड असायचा. वीसच्या पुढच्या वाटेवर तिनं आपले मैलाचे दगड रोवून घेतले होते: वीसला दोनशे साठ, पंचविसाला तीनशे पंचवीस, तिसाला तीनशे नव्वद. मधे कुठे घसरली तर जवळचा दगड पकडून पुन्हा चढायचं. काही दिवसांनी दगडांची गरज उरली नाही. तेरा एकोणीस कुणी विचारलं की दोनशे सत्तेचाळीस तिच्या तोंडातून असं यायचं जसं कुणी आईचं नाव विचारावं.

मग सासऱ्यांनी नवीन टूम काढली. "गाडी मागेसुद्धा घेता आली पाहिजे. तीनशे नव्वदवरून उलटी ये."

"तीनशे नव्वद, तीनशे सत्त्याहत्तर, तीनशे चौसष्ट..." उलटं येणं वेगळंच काम होतं. चढताना पाय ओळखत होते ती प्रत्येक पायरी उतरताना अनोळखी वाटायची. दोनशे नव्व्याण्णववरून दोनशे शहाऐंशी म्हणताना तिची जीभ तीनदा अडखळली. चौथ्यांदा अडखळली नाही. यागोदाला आपल्याबद्दलचा जुना विश्वास त्या दिवशी पुन्हा वाटायला लागला, फक्त आता त्याच्याखाली जमीन होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोठं काम आलं. शेजारच्या शहरात नवीन वाचनालय होत होतं. त्याच्या मोठ्या दालनात भिंतीवर लावायला तीस कासवांच्या रुंदीचा किलीम हवा होता, एप्रिलपर्यंत. विदामावशीनं मोठ्या मागावर ताणा लावला. एकटीनं लावला, नेहमीसारखा, आणि तो लावताना कुणाला खोलीत उभं राहू दिलं नाही. दोन्ही लाल दोरे बांधले. मग ती दोघींना म्हणाली, "सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. आधी उजव्याचं, मग डाव्याचं. माझी जागा डावीकडची." तिनं यागोदाकडे पाहिलं. "तेरा तेवीस?"

"दोनशे नव्व्याण्णव."

"तिथून खाली उतर."

यागोदा उतरली. दोनशे शहाऐंशी, दोनशे त्र्याहत्तर, दोनशे साठ. खाली तेरापर्यंत, एका दमात. नेवेंका लोकर उलगडत होती. तिचा हात थांबला होता.

"बस डावीकडे," मावशी म्हणाली आणि कोट चढवायला लागली.

दोघी कामाला लागल्या. यागोदा डाव्या लाल दोऱ्यापासून आत, नेवेंका उजव्या लाल दोऱ्यापासून आत. प्रत्येकीनं पंधरा कासवं घालायची आणि मध्ये भेटायचं. काठाजवळचं कासव आधी उभं राहायचं, त्याला टेकून पुढचं. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. शेगडीवर कॉफी असायची आणि नेवेंकाच्या तोंडाला उसंत नसायची, बहुधा मुद्दाम. तिच्या बहिणीचं लग्न, तिच्या बहिणीचा घटस्फोट, बहिणीच्या दुसऱ्या नवऱ्याचं डुक्कर. यागोदा सगळ्याला उत्तरं द्यायची, शेरेही मारायची, आणि बोटं आपली जागा सोडायची नाहीत.

"फॅक्टरीवाली," चौथ्या दिवशी नेवेंका म्हणाली, "तू ऐकतेस की नुसतं हूं हूं करतेस?"

"डुक्कर पळालं आणि तुझा मेहुणा त्याच्यामागे चर्चमध्ये शिरला. आणि माझं आठवं कासव चारोदरसेवर संपलं. पुढे सांग."

दहाव्या दिवशी दुपारी दोघींचे खांदे एकमेकींना लागले. म्हणजे मध्य आला होता. यागोदानं पंधराव्या कासवाचा शेवटचा पाय बसवला, फणी मारली. नेवेंकानं आपल्या शेवटच्या कासवाचा पाय बसवला. आणि दोघी बघत राहिल्या.

दोन पायांच्या मध्ये एक जोडी मोकळी होती. एकच. पांढरी, ताणलेली, दोन कासवांमधून सरळ वर गेलेली.

"हुकलीस," नेवेंका म्हणाली.

"मी नाही हुकले."

"एकोणतीस वर्षं मी इथं बसतेय, बाई."

"मान्य आहे, ताई. तरी मी हुकलेले नाही."

"मग काय मी हुकले? मी?"

"तसं म्हटलं नाही मी. मी माझ्याबद्दल बोलतेय. माझं पंधरावं कासव एकशे पंच्याण्णववर संपलंय. बघ मोजून."

"मी कशाला मोजू? उसव तू, कुठं गेलंय ते सापडेल!" नेवेंकाचे गाल लाल झाले होते. तिनं फणी बाकड्यावर आपटली. "मावशीनं तुला दोन महिन्यांत मोठ्या मागावर बसवलं तेव्हाच मी म्हटलं होतं—"

"काय म्हटलं होतंस?"

"काही नाही."

यागोदा उठली. दुधाला गेले होते, ते तिला अजून आठवत होतं. पण तिनं मागाकडे पाहिलं तेव्हा एकेक कासव तिला नावानिशी ओळखू आलं: एकोणचाळीसचं, एक्क्याण्णवचं, नवऱ्याच्या उंचीचं. यातलं कुठलंच खोटं बोलत नव्हतं.

"जागा बदलू," ती म्हणाली. "तू माझी मोज, मी तुझी मोजते. मोठ्यानं."

"माझी उजवीकडून आहेत. उलटा येतो तुला?"

"तुझ्यासमोरच म्हटला होता."

नेवेंका डावीकडे गेली. तिनं लाल दोऱ्यापासून बोटं सरकवायला सुरुवात केली, एकेका कासवावर आकडा म्हणत, आवाजात अजून राग. यागोदानं उजव्या लाल दोऱ्यावर बोट ठेवलं. "तीनशे नव्वद. तीनशे सत्त्याहत्तर. तीनशे चौसष्ट. तीनशे एक्कावन्न." एक आवाज चढत होता, एक उतरत होता, आणि दोघी एकमेकींकडे सरकत होत्या. नेवेंकाचा आवाज हळूहळू निवळत गेला. एकशे छप्पन्नला तो रागाचा राहिला नव्हता. एकशे ब्याऐंशीला ती नुसती पाढा म्हणत होती.

"एकशे पंच्याण्णव," ती म्हणाली आणि थांबली. "बरोबर आहे तुझं. प्रत्येक कासव तेराचं आहे."

"तुझंही," यागोदा म्हणाली. "दोनशे आठ, आणि मग इथं एकशे शहाण्णववर तुझ्या शेवटच्या कासवाची पहिली जोडी."

दोघींनी एकाच वेळी त्या मोकळ्या जोडीकडे पाहिलं. एकशे पंच्याण्णव आणि एकशे शहाण्णवच्या मध्ये काही असायला जागाच नसते.

"म्हणजे तीनशे नव्वद नाहीतच," यागोदा सावकाश म्हणाली. "तीनशे एक्क्याण्णव आहेत. ताणाच एका जोडीनं जास्त आहे."

नेवेंका बाकड्यावर बसली. हा ताणा मावशीनं एकटीनं लावला होता. नेवेंका म्हणाली, "मावशीला सांगायचं नाही. मी माझा अर्धा भाग उसवते, लाल दोरा एका जोडीनं आत बांधते, काठाचा पट्टा एका जोडीनं रुंद होईल. कुणाला दिसतंय? ती ऑपरेशन होऊन घरी बसलीय. पन्नास वर्षांत तिचा ताणा चुकला नाही, यागोदा. हे ऐकून ती झुरेल."

"आणि पुढचा ताणा कोण लावणार?"

नेवेंकानं बाकड्यावरची फणी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"तीच लावणार," यागोदा म्हणाली. "आणि आपण दर वेळी गुपचूप उसवत बसणार? मावशीनं एका जोडीसाठी माझी नऊ कासवं उसवली. तेव्हा मला वाईट वाटलं, पण म्हणून तर आज मी इथं छातीठोक बोलतेय. तिला सांगायला हवं. मी सांगते, तू नको येऊस हवं तर."

"येते," नेवेंका म्हणाली. "एकटीला ती तुला जिन्यावरून खाली ढकलेल."

विदामावशी स्वयंपाकघरात उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी लावून घेवडे निवडत होती. यागोदानं आडवळण घेतलं नाही. मावशीनं पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या बोटांतला घेवडा खाली पडला, तो तिनं उचलला नाही.

"मोजलं कुणी?"

"दोघींनी. जागा बदलून."

"उलटा कुणी म्हटला?"

"मी."

"कोट दे माझा," मावशी म्हणाली.

बर्फातून ती दोघींच्या मधोमध चालली, कुणाचा हात न धरता. मागापुढे बसल्यावर तिनं उघडा डोळाही मिटून घेतला. विणलेल्या भागाच्या वर, जिथं ताणा अजून उघडा होता, तिथं तिनं डाव्या लाल दोऱ्याच्या रेषेला हात लावला आणि तेरा जोड्यांची एक मूठ बोटांखालून सरकवली. तिचे ओठ हलले. मग पुढची मूठ. दहाव्या मुठीला तिचा आवाज ऐकू यायला लागला, आणि केव्हातरी नेवेंका तिच्याबरोबर म्हणायला लागली, मग यागोदाही. तेरा अकरा एकशे त्रेचाळीस, तेरा बारा एकशे छप्पन्न. तीन बायका, तीन वयांचे आवाज, एकच पाढा. तेरा तीस तीनशे नव्वद म्हणून मावशी थांबली. लाल दोऱ्याच्या अलीकडे एक जोडी उरली होती. तिनं ती दोन बोटांत धरली.

"ही कोण आली?" ती हळूच म्हणाली.

शेगडीत लाकूड फुटलं. मावशीनं जोडी सोडली, धागे बारीक झणकारले.

"लावताना धागे मला दुहेरी दिसत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, डोळ्यांना नाही दिसलं तरी बोटांना कळेल."

"बोटांना कळलं की आत्ता," यागोदा म्हणाली. "तेव्हा तू डोळे उघडे ठेवलेस, म्हणून चुकलीस."

विदामावशीनं मान वळवून एका डोळ्यानं यागोदाकडे पाहिलं, आणि मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता तिनं पट्टीखालचा डोळा पुसायला हात नेला तेव्हा नेवेंका ओरडली, "हात लावू नकोस तिथं!"

कॉफी झाली. कामाचं बोलणं राहिलं होतं: कुठला अर्धा भाग उसवायचा? दोन्ही बरोबर होते; एकाला तरी एका जोडीनं सरकायला हवं होतं.

"माझा उसवू," नेवेंका म्हणाली. "हिची पहिलीच ओळ आहे."

"मला बघू दे आधी," मावशी म्हणाली. ती मागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाक टेकवून गेली, एकेका कासवावरून अंगठा फिरवत. "नेवेंकाची कासवं चालताहेत. यागोदाची आजारी आहेत. हिचीच उसवा."

"पहिली तीन आजारी आहेत," यागोदा म्हणाली. "बाकीची धडधाकट आहेत."

"पहिली चार."

"चौथ्याला फक्त सर्दी झालीय."

उसवायला दीड दिवस लागला. नेवेंका न सांगता डाव्या बाजूला येऊन बसली आणि मेहुण्याच्या डुकराची राहिलेली गोष्ट पुरी करत धागे ओढत राहिली. लाल दोरा एका जोडीनं आत सरकला. यागोदानं पुन्हा पंधरा कासवं घातली, आणि या खेपेला पहिलीसुद्धा चालायला लागली. शेवटचा पाय बसला तेव्हा त्याच्या आणि नेवेंकाच्या कासवाच्या मध्ये लोकरीचा केससुद्धा गेला नसता. नेवेंकानं जोडावर नख फिरवून पाहिलं आणि नुसतंच "हं" म्हटलं. तिच्याकडून हे खूप होतं.

मावशीचा दुसरा डोळाही जानेवारीत बरा झाला. किलीम मार्चच्या अखेरीस मागावरून उतरला. तिघींनी आणि स्रेतेननं मिळून तो गुंडाळून बेकरीकडून मागून आणलेल्या गाडीत घातला, आणि वाचनालयात तो भिंतीवर चढला तेव्हा तिहोमिर खाली उभे राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं कासवं मोजत होते. तीस भरली. एका बाईनं त्यांना हळू बोलायला सांगितलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मागावर नवीन ताणा लावायचा होता. यागोदा आणि नेवेंका सवयीप्रमाणे खोलीबाहेर जायला निघाल्या.

"कुठं चाललात?" विदामावशी म्हणाली. तिच्या नाकावर नवीन चष्मा होता आणि हातात पांढऱ्या लोकरीचा गुंडा. "आता माझ्या मागावर ताणा एकटीनं लावायचा नाही. मी लावणार, नेवेंका ओढून धरणार, यागोदा मोजणार. नमुना नवा आहे, पक्ष्यांचा. सतरा जोड्यांचा एक पक्षी, चोवीस पक्षी." ती यागोदाकडे वळली. "सतराचा येतो?"

"दहापर्यंत येतो," यागोदा म्हणाली. "पुढचा येत नाही."

"मग?"

"आज गुरुवार. ताणा सोमवारी लाव."

मावशीनं नेवेंकाकडे पाहिलं. नेवेंकानं खांदे उडवले. "सोमवारी लाव, मावशी. येईल तिला."

विदामावशीनं लोकरीचा गुंडा खुंटीला परत अडकवला आणि शेगडीवर कॉफी ठेवायला गेली. यागोदा खिडकीजवळ उभी राहिली होती आणि तिचे ओठ आधीच हलायला लागले होते.